फुकटची गोळी आणि फुकटचं सॉफ्टवेअर

घरात ओआरएसचं पाकीट असेल तर ते जरा उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचा. सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे एक लिटर पाण्यात विरघळवायचं, झालं औषध. हे सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेलं आहे. औषध बनवण्याचा परवाना असलेली कुठलीही कंपनी ते बनवू शकते आणि आत काय आहे ते तुम्ही-आम्ही वाचू शकतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून लोकांना पाजलं. तिथून पुढे या साध्या पाण्याने जगभरात किती मुलं वाचवली याला गणती नाही.

आज मात्र मला जुलाबाबद्दल लिहायचं नाही. आज विषय आहे तुमच्या दुकानातल्या, मेडिकलमधल्या, लॅबमधल्या कॉम्प्युटरचा. डॉक्टरांनी हे कशाला सांगायचं, असं वाटेल. मलाही हा विषय ओपीडीतच भेटला.

गेल्या हंगामात, कारखान्याचं गाळप ऐन भरात असताना, श्रीपूरच्या आसपास फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान चालवणारे माझे एक जुने पेशंट आले. वय पंचेचाळीसच्या पुढे, चार वर्षांपासून अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू, बीपी एरवी १३०च्या घरात. त्या दिवशी १७२/१०८. मी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळ्या चुकल्या का? अंगदुखीची गोळी मनाने घेतली का? (अशा काही वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं, हे लक्षात ठेवा.) लोणचं-पापड वाढलं का? सगळ्याला नाही. मग त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पंधरा दिस झोपच नाही ओ यांना." तेव्हा त्यांनी खिशातून मोबाइल काढून एक ईमेल दाखवला. डिझाइनचं जे सॉफ्टवेअर ते वापरत होते ते विनापरवाना आहे, इतके इतके पैसे भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू, अशा अर्थाचा. आकडा त्यांच्या दुकानाच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा मोठा होता.

"डॉक्टर, अटक करत्यात का हो? सगळेच वापरत्यात की हे."

त्यांना अर्धा तास शांत बसवून पुन्हा बीपी घेतलं, ते १५६/९६ आलं. मी गोळी वाढवली नाही. घाबरलेल्या अवस्थेतल्या एका आकड्यावर औषध वाढवायचं नसतं. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आणायला सांगितलं. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला थोडा अभ्यास करावा लागला. तो तुमच्यापुढे ठेवतो. मी वकील नाही, त्यामुळे प्रत्यक्ष नोटीस हातात असेल तर वकिलाकडेच जा. पण वकिलाकडे जाण्याआधी दुखणं काय आहे ते कळलेलं बरं.

कायदा काय म्हणतो?

भारतात सॉफ्टवेअरला कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. या कायद्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर प्रोग्राम हे कथा-कादंबरीसारखं 'साहित्य' आहे. त्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ६३ब आलं. प्रोग्रामची प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. आता यातली मेख बघा. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे घरात मुलगा प्रोजेक्टसाठी वापरतो ते वेगळं आणि तुम्ही दुकानात बिलं काढता ते वेगळं. "आमचं तर एवढंसं दुकान आहे" हा बचाव कायद्यात नाही. कायदा दुकानाचा आकार विचारत नाही, धंदा आहे का एवढंच विचारतो.

आणि जो माणूस नवा कॉम्प्युटर देताना "साहेब, सगळं टाकून देतो, पाचशे रुपये द्या" म्हणतो, त्याच्यासाठी कलम ६३ आहे. त्यात ६ महिने ते ३ वर्षं शिक्षा आहे आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. माझ्या दवाखान्याला कॉम्प्युटर घेताना मलाही एकाने हेच सुचवलं होतं. मी बिलावर प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव लिहून द्या म्हटलं, तसा तो विषय त्याने स्वतःच बदलला. तुम्हीही हे एक वाक्य बोलून बघा.

पण ईमेल आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असंही नाही. अशा नोटिशींच्या नावाखाली भामटेही फिरतात. फोनवर पैसे पाठवू नका. समोरचा सांगेल ते अ‍ॅप टाकून त्याला तुमचा कॉम्प्युटर लांबून बघू देऊ नका. खरेदीची बिलं गोळा करा, किती कॉम्प्युटरवर काय आहे ते कागदावर मांडा. वकिलाला भेटण्याआधी घाईघाईने सगळं पुसून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. फसवणूक झालीच तर सायबर हेल्पलाइन १९३० आहे.

फुकटात आणि फुकटात फरक

माझ्या पेशंटचा पुढचा प्रश्न साधा होता. "मग ते लिनक्स का काय, ते पण फुकटच की. ते चालतं न् हे का नाही?"

ओआरएसचं उदाहरण मी त्यांना तिथेच दिलं. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याला ओपन सोर्स म्हणतात, ते ओआरएससारखं आहे. बनवणाऱ्याने सूत्र, म्हणजे सोर्स कोड, उघडं ठेवलं आहे आणि सोबत लेखी परवानगी दिली आहे: वापरा, प्रती काढा, दुसऱ्याला द्या, हवं तर बदला, धंद्यासाठीसुद्धा वापरा. त्या परवानगीच्या कागदाला लायसन्स म्हणतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यातून पळवलेली, लेबल खरडलेली गोळी. दोन्हींची किंमत शून्य रुपये, एवढंच काय ते साम्य.

काही जण मुक्तस्रोताची तुलना जेनेरिक गोळ्यांशी करतात. समजायला सोपी आहे, पण थोडी फसवी आहे. औषधाचं पेटंट २० वर्षांनी संपतं, मग कोणीही ते औषध बनवतं. मुक्तस्रोतात मूळ मालकाचा हक्क संपलेला नसतो. भारतात लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मालकाने हक्क स्वतःकडे ठेवूनच परवानगी दिलेली असते, आणि परवानगीला अटी असतात. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसन नावाचे भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. खेळण्यातल्या आगगाड्या चालवायचं सॉफ्टवेअर त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलं आणि सगळ्यांना मोफत दिलं. एका कंपनीने ते उचललं आणि लिहिणाऱ्यांची नावं, अटी गाळून टाकल्या. २००८ साली तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की मोफत दिलं तरी अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. आगगाडीच्या खेळण्यावरून एवढा मोठा प्रश्न निकाली निघाला, याची मला गंमत वाटते.

तुमच्यापुरतं बघायचं तर अटी फार जड नाहीत. नुसतं वापरत असाल, बिलं काढणं, पत्रं लिहिणं, हिशेब ठेवणं, तर बहुतेक लायसन्समध्ये तुमच्यावर काहीच बंधन येत नाही. बंधन येतं ते दुसऱ्याला प्रत देताना. एमआयटी नावाचं लायसन्स फक्त मूळ लेखकाचं नाव आणि सूचना जपायला सांगतं. जीपीएल हे जरा करारी आहे: त्याखालचा प्रोग्राम तुम्ही बदलून कोणाला दिलात, तर घेणाऱ्याला सोर्स कोडही मिळायला हवा आणि तीच मोकळीकही.

नावाचा मुद्दा आणखी वेगळा. सूत्र सगळ्यांचं असलं तरी नाव वाट्टेल त्याला लावता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने साखरेच्या शीतपेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला बंदी केली ती याच कारणाने. जुलाब झालेल्या मुलाला ते गोड पाणी पाजलं तर जुलाब वाढू शकतात. सॉफ्टवेअरमध्ये नावाचं हे काम ट्रेडमार्क करतो. मुंबईचं ईआरपीनेक्स्ट हे त्याचं जवळचं उदाहरण. रुशभ मेहता यांना घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर हवं होतं, त्यातून हे उभं राहिलं. आज ते जीपीएलखाली सगळ्यांना खुलं आहे. ते वापरून धंदा करा, दुसऱ्याला बसवून देऊन त्याचे पैसेही घ्या. पण 'ईआरपीनेक्स्ट' हे नाव स्वतःच्या मालाला चिकटवायचं नाही.

'पोराने करून दिलेलं' सॉफ्टवेअर

हा भाग लॅबवाल्यांनी आणि मेडिकलवाल्यांनी नीट वाचा, कारण आमच्या तालुक्यात हे दुखणं क्रॅकइतकंच पसरलेलं आहे.

गावातल्या एखाद्या हुशार इंजिनिअर मुलाला वीस-तीस हजार देऊन आपण बिलिंगचं किंवा रिपोर्टचं सॉफ्टवेअर करून घेतो. पुढे तो पुण्याला नोकरीला जातो. मग प्रिंटर बदलला तरी सॉफ्टवेअर अडतं, आणि "पैसे मोजलेत, म्हणजे ते आमचंच" असं आपण म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. तुमचा पगारी नोकर कामाचा भाग म्हणून प्रोग्राम लिहीत असेल, तर एरवी काही करार नसल्यास हक्क मालकाचा. पण बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं, तर हक्क लिहिणाऱ्याचाच राहतो. तो तुमच्याकडे यायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षांची धरतो. तेव्हा काम देतानाच एका पानावर लिहून घ्या: हक्क कोणाचा, किती काळ, सोर्स कोड कधी मिळणार, आणि त्याने दुसऱ्या कोणाचा मुक्तस्रोत कोड वापरला असेल तर कुठल्या लायसन्सखाली. यात एक फायदाही दडलेला आहे. त्याने जीपीएलखालच्या प्रोग्रामवर तुमचं काम उभं केलं असेल, तर सोर्स कोड मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ओळखीच्या एका लॅबमध्ये सहा वर्षांचे रिपोर्ट अशाच एका प्रोग्राममध्ये अडकले होते. मधुमेहाच्या पेशंटची जुनी एचबीएवनसी बघायची तर ती निघेना. तीन वर्षांपूर्वी ६.९ होती की ८.९, यावर आज इन्सुलिनचा विचार करायचा की नाही ते ठरतं. आम्ही डॉक्टर रिपोर्टवर निर्णय घेतो. ते कुठल्या कुलपात आहेत हा मग आरोग्याचाच प्रश्न होतो.

क्रॅकची खरी किंमत

क्रॅक टाकताना पहिली सूचना काय असते? 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' डॉक्टर म्हणून मला हे वाचून काटा येतो. पेशंटची प्रतिकारशक्ती दाबायची आणि मग कोणाची तरी वापरलेली सुई टोचायची, असा हा प्रकार आहे. त्यातून काय आत येतं हे टोचणाऱ्यालाही माहीत नसतं. वर पकडले जाऊ या भीतीने लोक अपडेटही बंद ठेवतात, म्हणजे लसही नाही.

अपडेट न करण्याचे परिणाम जगाने १२ मे २०१७ला पाहिले. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कॉम्प्युटर यंत्रणा गोठवली. भेटी रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. त्यावरचा उपाय, म्हणजे अपडेट, दोन महिने आधीच मार्चमध्ये आलेला होता. तो टाकला नव्हता, एवढंच. परवाना घेतलेल्यांची ही गत, मग क्रॅकवाल्यांचं काय? आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर हल्ला झाला आणि एवढं मोठं रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनवर आलं. एम्सकडे माणसं आणि पैसा होता. मेडिकलच्या काउंटरवर दोघं जण असतात.

पेशंटची नावं, फोन नंबर आणि आजार ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, त्याच्यावर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही जबाबदारी टाकली आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. क्रॅक वापरून "मी पुरेशी काळजी घेतली होती" असं सांगणं अवघड जाईल.

मग वापरायचं काय?

मुक्तस्रोत म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर विकत घेतलेलं विंडोज आहे, कारण ईसीजी मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. दुसऱ्यावर लिनक्स आणि लिब्रेऑफिस आहे. लसीकरणाच्या तारखा, अपॉइंटमेंट, पत्रं, सगळं त्यावर. केस पेपर अजून कागदावरच आहेत आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. बाहमनी नावाची हॉस्पिटलसाठीची पूर्ण मुक्तस्रोत प्रणाली आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ती घडली. पण ती सांभाळायला जाणकार माणूस लागतो. एका डॉक्टरच्या दवाखान्याला ती म्हणजे शेळीला हत्तीची झूल.

फ्लेक्सच्या धंद्यासाठी इंकस्केप, गिंप, स्क्रायबस आहेत. जुनी डिझाइनं त्यात पूर्ण शुद्ध उघडतील याची खात्री नाही, आणि छपाईच्या चार रंगांचं काम स्क्रायबसमध्ये जितकं नीट होतं तितकं इंकस्केपमध्ये होत नाही. त्यामुळे एका रात्रीत सगळं बदलू नका. नवीन कामं नव्यात सुरू करा, जुनी संपेपर्यंत एका मशीनपुरता रीतसर परवाना घ्या. माझ्या पेशंटनी वकिलाच्या सल्ल्याने साधारण हेच केलं. पुढच्या आठवड्याच्या त्यांच्या वहीत सगळे आकडे १४०च्या आत होते.

फॉन्टचं विसरू नका. फॉन्टही सॉफ्टवेअरच आहे आणि फॉन्टलाही लायसन्स असतं. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट मुक्त लायसन्सखाली आहेत. बोर्डावर, लग्नपत्रिकेत, औषधाच्या पिशवीवर बिनधास्त वापरा. नुसता फॉन्टच सीडीत भरून विकू नका, एवढीच अट. ते युनिकोडमध्ये असल्याने मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर चौकोन-चौकोन दिसत नाही. आणि गुगलवरून उचललेलं हृदयाचं चित्र फ्लेक्सवर टाकायचं तर आधी त्याची परवानगी बघा. माझ्या लेखांतल्या आकृत्या मी सर्व्हिये मेडिकल आर्टमधून घेतो. नाव दिलं की त्या कोणालाही वापरता येतात. (माझे लेख मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर माझं नाव कापून फिरतात. परवा तर माझाच लेख मला "डॉक्टर, हे वाचा" म्हणून आला.)

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिब्रेऑफिस आणि लिनक्सवरचे धडे मराठीत आणि मोफत आहेत. लिब्रेऑफिस तुमच्या आत्ताच्या विंडोजवरही बसतं. त्यापासून सुरुवात करा, महिनाभर वापरा, मग लिनक्सचं बघा.

ज्यांचं दुकान नाही, जे निव्वळ पेशंट आहेत, त्यांच्यासाठी एक सांगायचं राहिलं. रुग्णालयात दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षं जपायच्या असतात आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत हे आहे. त्या मागताना "आमच्या सॉफ्टवेअरमध्येच दिसतं" असं उत्तर मिळालं तर ऐकून घेऊ नका. पीडीएफ किंवा छापील प्रत मागा. पीडीएफ कुठल्याही फोनवर उघडते. तिची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही ठेवा, आणि पुढच्या वेळी माझ्याकडे येताना तो फोन चार्ज करून आणा.